आकडा तुमचा, नावं माझी

फादर इनास यांना आता नावं आठवत नाहीत. पुण्याला वृद्ध धर्मगुरूंसाठी एक निवास आहे, तिथं ते गेल्या वर्षापासून राहतात. आमच्या चर्चमधला एकजण मागच्या आठवड्यात त्यांना भेटून आला. सकाळी चहा आणून देणाऱ्या बाईंना ते रोज नाव विचारतात आणि रोज "छान नाव आहे" म्हणतात, असं तो म्हणाला. सांगताना तो हसत होता. मला हसू आलं नाही.

सोलापुरातल्या त्या चर्चच्या कार्यालयात मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली कारकून होतो. त्याआधी एका सूतगिरणीत टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आला, कोण गैरहजर, एवढंच माझं काम. गिरणी बंद पडली तेव्हा एका ओळखीच्यानं सांगितलं, चर्चला नोंदवह्या नीट ठेवणारा माणूस हवा आहे. मी लिंगायत. घरात कुणी हरकत घेतली नाही. आईनं एवढंच विचारलं, "तितं तुला विभूती पुसायला लावतील का रे?"

पहिल्या दिवशी फादरांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"राख?" ते म्हणाले. "आम्हीही लावतो, पण वर्षातून एकदा. तुम्ही आमच्यापेक्षा नियमित दिसता. बसा, बिराजदार."

ते मूळचे वसईचे. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या झग्याच्या खिशात कायम एक लहानशी बाटली, रुमालात गुंडाळलेली. तिच्यात आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेल असायचं. सोलापूरला आले तेव्हा त्यांना शेंगाचटणी सोसत नव्हती म्हणे. मी पाहिलं तेव्हा ते कडक भाकरी चटणीशी मोडून खात आणि घाम पुसत. रागीट होते. प्रवचन चालू असताना कुणाचा मोबाइल वाजला, तर थांबून म्हणत, "घ्या, घ्या. माझ्यापेक्षा महत्त्वाचा असेल." आणि तो माणूस बाहेर जाईपर्यंत एक शब्द बोलत नसत.

पण त्यांची खरी गोष्ट नावांची. मी रुजू झालो तेव्हा कुटुंब-नोंदवहीत अकराशे त्रेचाळीस नावं होती. रेल्वेत नोकरी करणारे, इस्पितळात नर्स आणि आया असलेले, वैराग-बार्शीकडून आलेले, काही तेलुगू बोलणारे. फादरांना ही सगळी नावं पाठ होती. मला ते खरं वाटलं नाही, म्हणून मी त्यांची परीक्षा घेतली. वही उघडून कुठलाही घरक्रमांक म्हणायचो आणि ते त्या घरातली माणसं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सांगायचे. चाळीस घरं विचारली. एक नाव चुकलं. तेही बाळ आदल्या आठवड्यात जन्मलेलं होतं.

"हे तुम्ही लक्षात कसं ठेवता?" मी विचारलं.

"रोज हजेरी घेतो," ते म्हणाले. पहाटे व्हरांड्यात फेऱ्या मारताना ते ओठ हलवत असत. मी तोवर समजत होतो, प्रार्थना करतात. प्रार्थनाच होती, पण तिच्यात फक्त नावं होती.

कुणाच्या घरी गेले की लगेच बसत नसत. आधी घरात नसलेल्यांची चौकशी. "रमेश कुठे? आणि जयाची परीक्षा झाली का?" सगळे गैरहजर मोजून झाले की मग खुर्ची घेत.

आमच्या चर्चमध्ये एक पद्धत आहे. दाराशी एका बशीत ओस्ती ठेवतात, म्हणजे मिस्सेत, रविवारच्या उपासनेत, प्रसाद म्हणून द्यायच्या पातळ चकत्या. ज्याला प्रसाद घ्यायचा त्यानं आत येताना चिमट्यानं एक चकती उचलून शेजारच्या पात्रात टाकायची. त्यामुळे किती माणसं घेणार ते आधीच कळतं. उरत नाही, कमी पडत नाही. रविवारी त्या पात्राजवळ उभं राहून मोजायचं काम मी आपणहून घेतलं. सवयच होती. मिस्सेनंतर फादर झगा उतरवत असताना मी आकडा सांगायचो.

"एकशे एकसष्ट."

"मागच्या वेळी एकशे सत्तर होते," ते म्हणायचे. आणि मग बोटांवर मोजत नऊ नावं सांगायचे. "पीटरला रात्रपाळी होती. मार्थाबाई वैरागला भावाकडे. फिलिपचं कुटुंब..." इथं थांबायचे. "फिलिपचं कुटुंब पुण्याला गेलं. आता येणार नाही."

मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा तीनशे चाळीस चकत्या पडल्या होत्या. शेवटी शेवटी दीडशेच्या आत. नोकऱ्या पुण्यात, मुलं पुण्यात, मग म्हातारी माणसंही पुण्यात. दर उन्हाळ्यात मी वहीत लाल रेघा मारायचो. फादर त्या बघायचे नाहीत. म्हणायचे, "आकडा तुमचा, नावं माझी. आपण एकमेकांच्या कामात पडायचं नाही."

बिशप हाऊसकडून दरवर्षी एक तक्ता यायचा. बाप्तिस्मे किती, लग्नं किती, आजारी व अंथरुणाला खिळलेले किती. एकदा मी रजेवर होतो आणि तो त्यांनी स्वतः भरला. 'आजारी' या रकान्यात सतरा नावं, बारीक अक्षरात, समासापर्यंत. तक्ता परत आला. वर लिहिलेलं, 'कृपया संख्या लिहावी.' फादरांनी नावांवर रेघ मारली नाही. शेवटच्या नावापुढे 'इत्यादी' लिहून तसाच पाठवला. तो पुन्हा परत आला तेव्हा मी नवा भरून धाडला आणि त्यांना सांगितलं नाही.

चर्चची दफनभूमी गावाबाहेरच्या बाजूला आहे. तिथं याकोबबाबा काम करायचे. साठी उलटलेले, वैरागकडचे. खड्डे खणणं, झाडलोट, चर्चची घंटा, सगळं तेच. मला अण्णा म्हणायचे. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, लोक कबरी साफ करतात, झेंडू वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्या दिवशी फादर रांगेरांगेनं चालत. प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडून नाव घेत, हातात कागद नाही. मागून याकोबबाबा बादली घेऊन. माझी आई गेली त्या वर्षी मीही कुतूहलानं गेलो होतो. शेवटची रांग संपल्यावर फादर फाटकाकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "आणि इथं नसलेल्या. भागीरथी बिराजदार." माझ्या आईचं नाव मी त्यांना एकदाच सांगितलं होतं, ते तिच्या मातीला आले होते तेव्हा. मी मान खाली घातली. याकोबबाबा हळूच म्हणाले, "अण्णा, तुमची आय पण आमच्यात आली की."

आता जे घडलं ते लिहितो. मी जिथं हजर नव्हतो ते याकोबबाबांकडून ऐकलेलं आहे.

दफनभूमीत जागा कमी. म्हणून नियम असा, की दहा वर्षं झालेली आणि कुणी वारस पुढे न आलेली कबर उघडायची, आतले अवशेष कोपऱ्यातल्या विहिरीत ठेवायचे आणि ती जागा दुसऱ्याला द्यायची. विहीर म्हणजे पाण्याची नव्हे. सिमेंटचं झाकण असलेला खोल कोरडा खड्डा. ही पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे आणि तिच्यात अपमान नाही. अशा बेवारस कबरींची यादी मी करायचो, ती तीन रविवार चर्चमध्ये वाचली जायची, आणि कबर उघडताना फादर स्वतः उभे राहायचे. बोटानं जागा दाखवल्याशिवाय याकोबबाबांनी कुदळ मारायची नाही, हा त्यांचा दंडक.

काही वर्षांपूर्वी रस्त्याकडच्या गटारासाठी भिंत आत सरकली आणि प्रत्येक रांगेतली पहिली कबर गेली. म्हणजे वहीत जी सतरावी, ती भिंतीपासून मोजली तर सोळावी. मी फादरांना म्हणालो, वहीतले क्रमांक बदलून घेऊ. ते नको म्हणाले. "मेलेल्या माणसाला नवा नंबर देऊ नये. गोंधळेल बिचारा." तेव्हा आम्ही दोघंही हसलो. मी उपाय म्हणून यादीत प्रत्येक क्रमांकापुढे कंसात लिहू लागलो, 'भिंतीपासून सोळा'.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. त्याच्या आधीच्या उपवासकाळात, ईस्टरपर्यंत रंगवून होतील म्हणून, याकोबबाबांनी तिसऱ्या रांगेतले लोखंडी क्रूस काढून शेडमध्ये रचले होते. रंगारी होटगीचा. संचारबंदी लागली आणि तो गावातच अडकला. तिसरी रांग क्रुसांविना तशीच राहिली, नुसते मातीचे उंचवटे.

आमच्याकडे वर्षाला नऊ-दहा दफनं व्हायची. त्या एप्रिलमध्ये तीन आठवड्यांत अकरा झाली. फादर सिव्हिल इस्पितळात, दफनभूमीत, पुन्हा सिव्हिलमध्ये. कार्यालय बंद होतं, मी घरी. एका दुपारी याकोबबाबांचा फोन आला.

"अण्णा, मयताची गाडी येऊन थांबलीया. लोकं घाई करत्यात. फादर शिविलात हायती, फोन उचलंनात. कुठली उकरू?"

यादी माझ्यासमोर होती. तिसऱ्या रांगेत सतरावी कबर ऑगस्टीन नावाच्या रेल्वे ड्रायव्हरची. चौदा वर्षं झालेली, वारस नाही, तीन रविवार वाचून झालेली. मी म्हणालो, "तीन-सतरा."

कंसातला आकडा माझ्यापुढे लिहिलेला होता. तो मी वाचला नाही. का वाचला नाही, याचं उत्तर माझ्याजवळ आजही नाही.

याकोबबाबांनी भिंतीपासून सतरा मोजले. ती वहीतली अठरावी होती. सेलिना गायकवाड, वय एकोणीस, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, डेंग्यूनं गेलेली. जाऊन सहाच वर्षं झाली होती. मार्थाबाई गायकवाड यांची एकुलती एक मुलगी. मार्थाबाई म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या आया. नवरा आधीच वारलेला. त्या दर रविवारी मिस्सेनंतर रिक्षानं दफनभूमीत जायच्या, तासभर कबरीशेजारी बसायच्या आणि आठवड्याचं सगळं पोरीला सांगायच्या. मोठ्यानं सांगायच्या, ऐकणाऱ्याला संकोच वाटत नसे. "आज दोडका केला गं. तुला आवडायचा न्हाय." संचारबंदीत त्या वैरागला भावाकडे अडकल्या होत्या.

"पेटीचं लाकूड ताजं लागलं की ओ," याकोबबाबा मला पुढं कितीदा तरी म्हणाले. "हात थांबला व्हता माजा. पन गाडीवाला शिव्या देत व्हता. मी म्हनलो, अण्णाचा आकडा हाय, चुकंल कसा?"

त्याच रात्री फादरांना ताप भरला. बारा दिवस इस्पितळात, मग तीन आठवडे विश्रांती. दरम्यान रंगारी आला, क्रूस रंगले, आणि ते नावावरून जागच्या जागी रोवताना याकोबबाबांना कळलं. सेलिनाचा क्रूस रोवायच्या जागी दुसऱ्याचीच नवी कबर होती. ते शेडमध्ये जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मार्थाबाई वैरागहून येणार असं कळलं होतं. त्यांनी ऑगस्टीनचा क्रूस शेडमध्येच ठेवला आणि सेलिनाचा क्रूस ऑगस्टीनच्या कबरीवर रोवला. एकच कबर अलीकडे. कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही.

फादर बरे होऊन पहिल्यांदा दफनभूमीत गेले तेव्हा मी बरोबर होतो. फाटकातूनच ते थांबले. तिसऱ्या रांगेकडे बघत राहिले. मला काही वेगळं दिसलं नाही. मार्थाबाई क्रुसाशेजारी बसून शेवंती वाहत होत्या. आम्हाला बघून उठल्या, फादरांचा हात धरला.

"फादर, लई मानसं गेली. सगळं उलटंपालटं झालं. पर माज्या सेलिनाची जागा तेवढी देवानं राखली बघा."

फादरांचे ओठ हलले. त्यांनी क्रुसाकडे पाहिलं, शेजारच्या नव्या कबरीकडे पाहिलं, शेडच्या दारात उभ्या याकोबबाबांकडे पाहिलं. मग हात उचलून मार्थाबाईंच्या डोक्यावर ठेवला आणि आशीर्वाद दिला.

परत येताना स्कूटर त्यांनी रस्त्याच्या कडेला घेतली. मी मागे बसलो होतो. "बिराजदार," ते म्हणाले, "तीन-सतरा उघडायला कुणी सांगितलं?"

मी सांगितलं. भिंतीपासूनचा आकडा वाचला नाही, हेही सांगितलं. त्यांनी स्कूटर पुन्हा चालू केली.

"तुम्ही कुणाला सांगायचं नाही. याकोबनंही नाही. मी सांगेन. पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मार्थाबाईंना दम लागायचा. एकदा चक्कर आली. मग ख्रिसमस आला, मग उपवासकाळ आला. दोन नोव्हेंबरला तिसऱ्या रांगेत सतराव्या कबरीशी ते थांबले, पाणी शिंपडलं आणि "सेलिना गायकवाड" म्हणाले. मार्थाबाई शेजारी उभ्या होत्या. मी फादरांकडे बघू शकलो नाही. पहाटेच्या फेऱ्या चालू होत्या, पण मध्येच ते थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

असे एकतीस महिने गेले. मी रविवार मोजले आहेत. एकशे चौतीस. त्यातले सात-आठ मार्थाबाई चुकल्या असतील.

एका सोमवारी त्या कार्यालयात आल्या. जिना चढून दम लागला होता. फादर माझ्यासमोरच्या खुर्चीत पत्रं वाचत होते.

"फादर, एक काम हाय. लई दिस मनात हाय. अण्णा, ती मोठी वही काढा की." त्या बसल्या. "माजं काय खरं न्हाय आता. मला सेलिनाच्या कबरीतच ठेवायचं. एका घरातली मानसं एका कबरीत ठेवता न्हवं तुमी? तसं लिहून घ्या. माजा भाऊ सही करंल. माज्या मागं घोळ नको."

हे नियमात बसणारं होतं. मी मृत-नोंदवही काढली, तिसरी रांग उघडली, अठरा क्रमांकावर बोट ठेवलं. पेन उचललं. आणि फादरांनी आपला हात उघड्या पानावर पालथा ठेवला.

"मार्थाबाई," ते म्हणाले, "सेलिना तिथं नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. क्रूस काढलेले, गाडी थांबलेली, कबर उघडलेली, अवशेष विहिरीत. फोन कुणी घेतला, आकडा कुणी सांगितला, क्रूस कुणी हलवला, यातलं काही सांगितलं नाही. "चूक झाली," म्हणाले, "आणि दफनभूमी माझी आहे. मी पाहिल्याबरोबर ओळखलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, हे दुसरं पाप. ते पहिल्यापेक्षा मोठं आहे."

मी तोंड उघडलं. फादरांनी माझ्याकडे न बघता दुसरा हात वर केला. मी गप्प बसलो. गप्प बसायला नको होतं, पण बसलो.

मार्थाबाई रडल्या नाहीत. पदर सारखा केला. मग विचारलं, "मंग मी इतके दिस कुनाशी बोलत हुते?"

फादर म्हणाले, "ऑगस्टीन त्याचं नाव. रेल्वेत ड्रायव्हर होता. त्याला कुणी नव्हतं. तुमच्याशिवाय त्याच्यापाशी कधी..."

"त्याचं नाव मला कशाला सांगताय?"

"ती विहिरीत असली तरी तिचं नाव मी रोज घेतो, मार्थाबाई. एकही दिवस चुकलो नाही. देवाला प्रत्येकाचं नाव..."

"मला नाव नको, फादर," त्या म्हणाल्या. "नाव मीच ठेवलं हुतं तिचं. मला जागा पायजे हुती."

अकरा वर्षांत इतरांच्या दुःखापुढे काही ना काही नाव त्यांच्याजवळ असायचंच. त्यांचा हात अजून वहीवर होता. तो त्यांनी मांडीवर घेतला.

मार्थाबाई उठल्या. दारात म्हणाल्या, "तो क्रूस माजा हाय. तेवढा द्या."

त्याच दुपारी याकोबबाबांनी तो उपटला. पोत्यात गुंडाळून रिक्षात ठेवला. पाय धरायला वाकले तर मार्थाबाई पाय मागे घेऊन रिक्षात बसल्या. संध्याकाळी फादरांनी ऑगस्टीनचा क्रूस शेडमधून आणून स्वतःच्या हातानं सतराव्या कबरीवर रोवला. मग मला वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लावलं: 'अवशेष विहिरीत. चूक धर्मगुरूची.' मी म्हणालो, "फादर, हे खरं नाही. वहीत खोटं लिहायचं नाही." ते म्हणाले, "लिहा." मी लिहिलं. माझ्या हस्ताक्षरातली ती एकमेव खोटी नोंद आहे, आणि ती अजून तशीच आहे.

मार्थाबाई पुन्हा चर्चमध्ये आल्या नाहीत. फादर दर शुक्रवारी त्यांच्या घरी जायचे. पहिल्या दोन शुक्रवारी त्यांनी दार उघडलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. क्रूस स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलेला होता, असं फादर म्हणाले. तिसऱ्या शुक्रवारी दार उघडलं नाही. तरी ते जात राहिले. परत आले की स्कूटर लावून एवढंच म्हणायचे, "नाही."

त्या वर्षी ते नावं चुकू लागले. आधी मिस्सेत मयताचं नाव. मग एका बाप्तिस्म्याला बाळाचं नाव आईला दोनदा विचारलं. एकदा घराच्या भेटीला गेले आणि गैरहजर माणसांची चौकशी न करता थेट खुर्चीत बसले. त्या घरच्यांना वाटलं, फादर रागावले. पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी घंटेच्या दोरीजवळ उभ्या याकोबबाबांना हाक मारायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "अहो... तुम्ही. जरा इकडे या." याकोबबाबा शेडमध्ये जाऊन रडले. मला म्हणाले, "अण्णा, मला वळखलं न्हाय त्यांनी. हितं माजं नाव घेनारा त्यो एकच मानूस व्हता." डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. असेल.

बदलीचं पत्र ऑक्टोबरात आलं. याआधी दोनदा आलं होतं आणि लोकांनी अर्ज करून ते थांबवलं होतं. या वेळी अर्ज करायला कुणी पुढे आलं नाही. जानेवारीत जायचं होतं.

त्यांचा शेवटचा दोन नोव्हेंबर. सकाळी त्यांनी माझ्याकडून सगळ्या रांगांची यादी मागून घेतली. मी ती मोठ्या अक्षरात लिहून दिली, भिंतीपासूनच्या क्रमांकांसकट. आदल्या दिवशी ते मार्थाबाईंच्या दाराबाहेर उभं राहून, उद्या विहिरीपाशी प्रार्थना आहे, तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो, असं मोठ्यानं सांगून आले होते. मार्थाबाईंना खाली बसता येत नसे. विहिरीच्या झाकणाशेजारी याकोबबाबांनी एक प्लास्टिकची खुर्ची मांडली.

फादर यादी वाचत रांगेरांगेनं चालले. तिसऱ्या रांगेत सतराव्याशी "ऑगस्टीन" म्हणाले. कुणीतरी कुजबुजलं, हा कोण? विहिरीपाशी लोक जमले, प्रार्थना झाली, मेणबत्त्या लागल्या. लोक हळूहळू निघाले. मी फाटकाशी उभा होतो. ऊन उतरलं, कडुनिंबाच्या सावल्या भिंतीपर्यंत गेल्या. फादर विहिरीच्या झाकणावर बसून राहिले. खुर्ची रिकामी होती.

शेवटी मी जवळ गेलो. म्हणालो, "फादर, फाटक लावायची वेळ झाली."

"किती आले?" त्यांनी विचारलं.

अकरा वर्षांत त्यांनी मला कधी आकडा विचारला नव्हता, मीच सांगायचो. "दोनशे चौदा," मी म्हणालो, आणि सवयीनं थांबलो. मागच्या वर्षी दोनशे पंधरा होते. आता ते कोण आलं नाही ते सांगतील, असं वाटलं.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यातली तेलाची बाटली बाजूला ठेवली, आणि त्या रुमालानं खुर्चीवरची धूळ पुसली. बैठक पुसली, पाठ पुसली, हात पुसले. मग पुन्हा झाकणावर बसले, फाटकाकडे तोंड करून.

मी बाहेर आलो. फाटक ओढून घेतलं. कडी लावली नाही.